सातेरीची मधपेटी, पावणेदोन वर्षं वापरून झाल्यावर

हा रिव्ह्यू मुद्दाम उशिरा लिहितोय. पेटी घेतली गेल्या वर्षी फेब्रुवारीत. त्या मे महिन्यात लिहिला असता तर पाच स्टार दिले असते आणि जुलैत लिहिला असता तर लिहिलाच नसता, सरळ दुकानात जाऊन तोंडी दिला असता. आता दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे बघून झालेत, डोकं पण थंड झालंय. दुकानाचं नाव विचारू नका, तक्रार करायचीय आणि माणूस तसा वाईट नाही, रस्त्यात भेटला की चहा पाजतो.

तर वस्तू म्हणजे सातेरी माशांची आठ चौकटींची लाकडी मधपेटी, वसाहतीसकट. साताऱ्यात घेतली, ठेवली मेढ्याच्या पुढं आमच्या गावी, घरामागं जांभळीखाली. पेटी, लोखंडी स्टँड, जाळीची टोपी, हातमोजे, धूर करायचा स्मोकर आणि आत पाच चौकटी भरून माशा असं सगळं मिळून सहा हजार दोनशेला पडलं. मध काढायचं यंत्र वेगळं, ते मी घेतलं नाही, गावात एकाकडं आहे, त्याला अर्धा किलो मध दिला की दोन दिवस वापरायला मिळतं.

दुकानदाराचं पहिलं वाक्य अजून पाठ आहे. "साहेब, पाळीव माशा आहेत, कुत्र्यामांजरासारख्या. एकदा पेटी ठेवली की विसरून जायचं, मेमध्ये येऊन मध न्यायचा." आणि दुसरं, "राणी हाय तवर ह्या कुठं जात न्हाईत." मला पेटीचे पैसे परत नकोत, या दोन वाक्यांचे द्या.

आधी पेटीबद्दल. पावतीवर सागवान लिहिलंय, बायकोनं नखानं खरवडून बघितलं आणि म्हणाली हा आंबा आहे. असू दे, फळी जाड आहे, दोन पावसाळ्यांत कोठीला चीर गेलेली नाही. खाली तळपाट, त्यावर पिल्लांची कोठी, त्यावर अर्ध्या उंचीची मधाची कोठी, मग आतलं झाकण आणि वर पत्रा मारलेलं छप्पर. छप्पर मात्र बोगस. पत्रा नुसता चार खिळ्यांवर बसवलेला, कडा दुमडलेल्याच नाहीत, पहिल्याच जोरदार पावसात पाणी आत. शेवटी मेढ्यातनं दुसरा पत्रा आणून कडा वळवून घेतल्या, दीडशे रुपये गेले. आणि स्टँडच्या चार पायांखाली पाण्याच्या वाट्या पाहिजेत, नाहीतर मुंग्या चढतात, ही साधी गोष्ट किटमध्ये नाही आणि कुणी सांगितलीही नाही. मी श्रीखंडाचे रिकामे डबे ठेवलेत, झकास चालतात, फक्त उन्हाळ्यात पाणी घालत राहायचं.

खरा घोळ चौकटींचा झाला आणि तो जरा सविस्तर सांगतो, कारण पेटी घेताना कुणी बघत नाही. मधपेटी म्हणजे नुसतं खोकं नसतंय, सगळी गंमत दोन चौकटींमधल्या फटीत आहे. १८५१ साली अमेरिकेत लँगस्ट्रॉथ नावाच्या पाद्र्याच्या लक्षात आलं की मधल्या जागेत सहा ते नऊ मिलिमीटर फट सोडली तर माशा ती ये-जा करायला मोकळी ठेवतात, जास्त सोडली की तिथं पोळं बांधून टाकतात. या एका गोष्टीवर चौकट वर उचलून बघता येणारी पेटी उभी राहिली, त्याआधी मध पाहिजे तर पोळं तोडणं हाच धंदा. आपल्याकडं तिरुचिरापल्लीच्या बाजूला न्यूटन नावाचे फादर होते, त्यांनी शंभरेक वर्षांपूर्वी आपल्या लहान माशीच्या मापाची लहान पेटी केली. (या पाद्री मंडळींना माशांचं काय वेड होतं कळत नाही, प्रार्थना आटोपली की सुतारकी.) मुद्दा काय, युरोपातली मेलिफेरा माशी मोठी आणि आपली सातेरी लहान, त्यामुळं सातेरीच्या चौकटी जास्त जवळ लागतात. माझ्या पेटीत पाच चौकटी बरोबर होत्या आणि उरलेल्या तीन कुठल्यातरी दुसऱ्याच लॉटमधल्या, कान (चौकटीची दोन टोकं) जाड असलेल्या, म्हणून फट जास्त. मार्चअखेर उघडून बघतो तर सहावी उचलली की सातवी पण बरोबर वर येतेय. माशांनी दोन्ही चौकटींना धरून तिरकं एकच पोळं बांधलेलं, पांढरंशुभ्र, नुकतंच केलेलं, इतकं सुंदर की कापायला हात होईना. ब्रेड कापायच्या सुरीनं कापलं, मध मनगटावरनं कोपरापर्यंत आला, दोन माशा बाहीत शिरल्या आणि दोन्हींनी आपापलं काम केलं. नंतर सुताराकडनं तीन चौकटींचे कान रंधून घेतले, त्यानं पैसे घेतले नाहीत, "मध झाला की आठवण ठेवा" म्हणाला. तेव्हा दुकानात पेटी उघडून आठही चौकटी घालून, काढून, बोट फिरवून बघा. लाजू नका.

माशी चावली की काटा लगेच काढायचा, नखानं खरवडा नाहीतर चिमटीत धरून ओढा, उशीर केला की विष जास्त जातं. ही एक गोष्ट दुकानदारानं बरोबर सांगितली, क्रेडिट देतो. सातेरी तशी गरीब आहे, दुपारी ऊन असताना सावकाश उघडलं तर धूर पण लागत नाही. ढगाळ हवेत मात्र नादी लागू नका.

त्या पहिल्या मेमध्ये अडीच किलो मध निघाला. जांभूळ आणि हिरडा फुललेला होता, मध काळपट लाल, घशाला हलकासा तुरट. घरात सणासारखं झालं, मुंबईच्या मावशीला बाटली गेली, मी व्हॉट्सअॅपला फोटो टाकले, "आमच्या माशा" वगैरे लिहिलं. आमच्या!

मग पाऊस. आषाढात सलग दोन आठवडे आमच्याकडं आभाळ उघडलं नाही, मी साताऱ्यात ऑफिसला, दुकानदाराचं "विसरून जायचं" मनावर घेतलेलं. जुलैच्या एका रविवारी गेलो तर पेटीच्या दारात हालचाल नाही. छप्पर काढलं, झाकण काढलं. आवाज नाही. माशांची पेटी ज्यानं कधी उघडलीय त्याला विचारा, तो आवाज नसणं म्हणजे काय ते. चौकटींवर मेणकिड्याची जाळी, अळ्यांनी पोळ्यात बोगदे केलेले, तळपाटावर तीन-चार मेलेल्या माशा आणि मुंग्यांची रांग. मध? एक थेंब नाही. ढिगानं मेलेल्या पण नाहीत. म्हणजे मेल्या नव्हत्या, घर आवरून, शिदोरी पोटात बांधून, राणीला घेऊन निघून गेल्या होत्या.

दुकानदाराला फोन लावला. "राणीच खराब असंल. नवीन वसाहत घ्या, अडीच हजारात देतो." फोन ठेवला.

शेजारी आमचे नाना आहेत, वडिलांचे चुलतभाऊ, वय ऐंशीच्या आतबाहेर. लहानपणी आग्या मोहोळ झाडायला कड्यावर जायचे, आता गुडघ्यामुळं ओट्यावर. त्यांना सगळं सांगितलं, म्हटलं पाळीव माशा पण पळून जातात म्हणजे कमाल आहे. नानांनी तंबाखू मळता मळता विचारलं, "पाळीव म्हंजी काय रं?" मी म्हटलं, संध्याकाळी परत घरी येतं ते. "मंग ह्या बी यायच्या की सांजच्याला. पर त्या त्यांच्या घरात यायच्या, तुझ्या न्हाय."

हे ऐकल्यावर मी खूळ लागल्यासारखं वाचलं, आणि आता वाटतं हेच वाचन पेटी घ्यायच्या आधी व्हायला पाहिजे होतं. आपण जनावर माणसाळवलं म्हणतो तेव्हा खरं काय केलं असतं? कुणाचं कुणाशी लागायचं ते आपण ठरवलं असतं. खरसुंडीच्या जत्रेत खिलार खोंड बघताना म्हातारे शिंगं, खांदा, खूर, शेपटीचा गोंडा बघतात, आवडला तोच वळू म्हणून ठेवतात, बाकीचे औताला. जतकडची माडग्याळ मेंढी घ्या, ते पोपटाच्या चोचीसारखं नाक काय आपोआप आलं? पिढ्यान् पिढ्या कुणीतरी तसलाच मेंढा ठेवत आलं. गव्हाचंही तसंच, रानगव्हाची ओंबी पिकली की दाणे आपले आपण गळून पडायचे, ज्या ताटाचे गळत नव्हते तेच माणसाच्या हातात जास्त आले, तेच परत पेरले गेले, आणि आता गहू मळल्याशिवाय सुटत नाही. सगळ्यात टोकाचं उदाहरण रेशमाच्या किड्याचं, आपल्या सांगली-साताऱ्यात पण तुती लावून करतात लोकं. त्याच्या पतंगाला पंख आहेत पण उडता येत नाही. हजारो वर्षं माणसानं पाळून त्याचं उडणंच गेलं, माणूस नसला तर तो संपला.

मधमाशीचं यातलं काहीच झालेलं नाही. इजिप्तमध्ये साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या मंदिरात माशा पाळून मध काढतानाचं कोरीव काम आहे, म्हणजे पाळायला कमी वर्षं मिळाली असं म्हणता येत नाही. पण नवी राणी उंच हवेत उडून जाते आणि तिथं दहा-वीस नरांशी संग करते, कुठल्या पेटीतले, कुठल्या झाडाच्या ढोलीतले, तुम्हाला काय पत्ता! प्रयोगशाळेत राणीला कृत्रिम रेतन करतात तो भाग वेगळा, आपल्या वाडीत कोण करणार. त्यामुळं माझ्या पेटीतली माशी आणि समोरच्या डोंगरात वडाच्या ढोलीत राहणारी माशी यांच्यात फरक शून्य. एक पत्र्याखाली राहते, एक सालीखाली. पाळली असेल तर आपण पेटी पाळली, माशी नाही.

आणि हे प्रत्येक जातीचं वेगळं असतंय. आमच्या घाटातला राखी रानकोंबडा कुणी पाळत नाही, पाळीव कोंबडी मुख्यतः आग्नेय आशियाकडच्या लाल रानकोंबड्यापासनं झाली, पण कोंबडीच्या कातडीचा पिवळा रंग मात्र या राखी कोंबड्याकडनं आलाय असं २००८ साली जनुकं तपासून निघालं. म्हणजे साताऱ्याच्या हॉटेलात प्लेटमध्ये पिवळी तंगडी दिसली की थोडा सह्याद्री पण आहे त्यात. गव्याचं बघा, आमच्या शेतात रात्री येऊन नाचणी साफ करतो, त्याला कुणी दावणीला बांधलं नाही, पण ईशान्येकडं त्याच्याच नात्यातला मिथुन लोकं मीठ चाटवून जंगलात मोकळा पाळतात. अर्धा पाळीव, बोलावलं की येतो. सातेरी त्या मिथुनच्या जवळची वाटते मला, फक्त ती मीठ दाखवून येत नाही, जागा आवडली तरच राहते.

विषयांतर झालं. पण दुकानात एक माणूस "आग्याची पेटी मिळेल का" विचारत होता आणि दुकानदार "बघू, मागवतो" म्हणाला, ते माझ्या डोक्यात बसलंय. बाबांनो, आग्या पेटीत राहत नाही. ती उघड्यावर एकच मोठं पोळं लटकवते, कड्याला, पुलाखाली, पाण्याच्या टाकीखाली, आणि सीझन संपला की शेकडो पोळी रिकामी करून दुसरीकडं जाते. फुलोरी पण उघड्यावरच, फांदीला, तळहाताएवढं पोळं. सातेरी आणि मेलिफेरा अंधाऱ्या पोकळीत एकाशेजारी एक समांतर पोळी बांधतात, म्हणून त्यांना खोकं चालतं. एवढंच आहे सगळं रहस्य. पेटीवाल्या माशा आपण निवडल्या नाहीत, ज्यांना खोकं चाललं त्या राहिल्या.

मेलिफेरा घ्यायची का, हा प्रश्न मला दोघातिघांनी विचारला. तिचा मध कितीतरी जास्त निघतो हे खरं, आणि ती सातेरीसारखी पटकन घर सोडत नाही. १९६२ नंतर हिमाचलात नगरोट्याला तिचा जम बसला आणि मग देशभर पसरली. पण तिला ट्रकमध्ये घालून सूर्यफूल, मोहरी, जिथं फुलोरा तिथं फिरवावं लागतं, तो वेगळा धंदा आहे. शिवाय वरोआ नावाची गोचिडीसारखी कीड तिला आडवी करते. ही कीड मुळात सातेरीच्याच जातीवरची, पण सातेरी एकमेकींच्या अंगावरनं ती वेचून काढतात, मेलिफेराला ते तेवढं जमत नाही. डोंगरात एकच-दोन पेट्या ठेवून घरापुरता मध पाहिजे असेल तर सातेरीच.

मग आला गेल्या वर्षीचाच नोव्हेंबर. नानांच्या फणसाला एक दिवस सकाळी माशांचा घोस लटकला, तांब्याएवढा, चॉकलेटी, सारखा हलणारा. मला फोन आला, हाफ डे टाकला. नानांनी बांबूची टोपली घेतली, आतनं जुनं मेण चोळलं आणि ती घोसावर पालथी धरायला लावली, खालून गोवरीचा अगदी थोडा धूर. "दाबू नको, हाकलू नको, वर अंधार हाय, आपल्या आपण चढत्याल." पाच मिनिटं काहीच झालं नाही, हात भरून आले. मग एका कडेनं सुरू झालं, भिंतीवर ओल चढावी तशा चढत गेल्या, बघता बघता फांदी मोकळी. टोपलीचं वजन किती वाढलं असेल, अर्धा किलो पण नाही, पण हाताला सगळी टोपली गुणगुणत होती. ते मला कुठल्याही किटमध्ये कुणी विकत दिलं नसतं.

संध्याकाळी पेटीत सोडल्या. यंत्रवाल्याकडनं पिल्लांची एक चौकट मागून मधोमध ठेवली, पिल्लं दिसली की माशा सहसा टाकून जात नाहीत. दारावर चार-पाच दिवस राणीगेट लावलं, त्यातनं कामकरी ये-जा करतात, जाडी राणी अडकते. किटमध्ये हे गेट होतं बरं का, तळाला कागदात गुंडाळलेलं, मी पहिल्या वेळी पॅकिंगचा पत्रा समजून टाकायला निघालो होतो. दुकानदारानं दोन मिनिटं दाखवलं असतं तर काय बिघडलं असतं.

या वर्षी मेमध्ये चार किलो दोनशे ग्रॅम निघाला आणि यावेळी मी पिल्लांच्या कोठीतला मध शिवला नाही, तो त्यांचा. पावसाळ्यात दर चार दिवसांनी साखर आणि पाणी सारखं घेऊन वाटीभर पाक, तोही संध्याकाळी, दिवसा ठेवला तर दुसऱ्या माशा लुटायला येतात. वाटीत काड्या टाकायच्या म्हणजे बुडून मरत नाहीत. दर आठवड्याला साताऱ्याहून पेट्रोल घालून माशांना साखरपाणी द्यायला जाणारा माणूस बघून ऑफिसात हसतात. अधेमधे नाना घालायचे, जून ते सप्टेंबर साडेपाच किलो साखर गेली. म्हणजे हिशेबात मध महागच पडला. पण माशा आहेत.

घ्यायची का? घ्या, पण आधी महाबळेश्वरला मध संचालनालयात प्रशिक्षण मिळतं ते करा, मी उलटं केलं. जमलं तर जवळच मांघरला चक्कर मारा, २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं ते, तिथं पेट्या कुठं, कशा तोंडानं, कशाच्या सावलीला ठेवल्यात ते नुसतं बघितलं तरी निम्मे पैसे वाचतील. मांघर बघून आल्यावर मी माझ्या पेटीचं तोंड पश्चिमेकडनं पूर्वेला फिरवलं, पावसाचं झोडपणं एकदम कमी झालं. पेटीला चार स्टार, छपराला एक, चौकटींना दोन, दुकानदाराच्या माहितीला शून्य, चहाला पाच.

परवा दिवाळीच्या आधी म्हणून उघडली, तर एका पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्याच्या शेंगेसारखी दोन राणीघरं लटकलेली. म्हणजे जुनी राणी निम्मी मंडळी घेऊन बाहेर पडणार. नाना म्हणाले, टोपली तयार ठेव. दुकानात फोन केला, म्हटलं एक रिकामी पेटी पाहिजे, माशा नकोत. दर तीनशेनं वाढलाय म्हणतो, आणि छप्पर तेच. मी म्हटलं चौकटी मी मोजून घेणार, हसला. शनिवारी जातोय.